तिसऱ्या ग्लासातली बर्बन

कारखानदाराचं डोकं बाटलीच्या तीन घावांत फुटलं होतं. गालिच्यावर रक्त, काचा आणि सांडलेली बर्बन व्हिस्की यांचा नुसता चिखल. निवृत्त हवालदाराने उभ्या जन्मात मारामाऱ्या पाहिल्या, तरी तो दारापाशीच थांबला.

"बाई, माझ्या नवऱ्याने नाही हो मारलं!" मेलेल्याची मुलगी हुंदके देत म्हणाली. "बाहेर पोलिसांच्या गाडीत बसवलंय त्याला. आत्ता घेऊन जातील. काहीतरी करा!"

बाई खासगी तपासाची कामं घ्यायच्या आणि हवालदार त्यांच्या मागे फिरायचा, निम्मं न समजता.

टेबलावर तिघांचे चार-चार ग्लास होते. प्रत्येकावर एक ते चारपैकी एक आकडा आणि काचेचं झाकण.

"बाबांची पद्धत," मुलगी म्हणाली. "बाटल्यांची नावं कागदाने झाकून वर आकडे टाकायचे, सगळे ग्लास आधीच भरून झाकायचे. मग सगळ्यांनी एकेक आकडा बरोबरच चाखायचा. एकट्याने पुढचा ग्लास उचलायचा नाही."

मेलेल्याचे तीन ग्लास चाखलेले होते. जावयाचे आणि मेलेल्याच्या धाकट्या भावाचे दोन-दोनच. फुटली होती ती तीन नंबरची बाटली. उरलेल्या तिन्हींत चौथीतलं जरा कमी दिसत होतं. हवालदाराने ते पाहिलं आणि सोडून दिलं.

जावयाचा शर्ट रक्ताने भिजला होता. "मी म्हटलं, मला सगळ्या सारख्याच लागतात," तो गाडीच्या खिडकीतून म्हणाला. "सासरे भडकले. दुसऱ्या ग्लासालाच मी उठून गेलो. ओरडणं ऐकून परत आलो, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं."

धाकटा भाऊ स्वयंपाकघरात कॉफी पीत बसला होता. तीस वर्षं भावाच्या कारखान्यात बर्बन चाखून पास-नापास करणारा माणूस. "जावई गेला, मागोमाग मीही बागेत गेलो. दोनच चाखल्या. तो परत आत शिरला असणार, दुसरं काय!"

हवालदाराने त्याच किटलीतली कॉफी तोंडात घेतली आणि मोरीत थुंकली. दूध पार नासलेलं! भावाचा कप मात्र तळापर्यंत रिकामा होता.

बाई मुलीला आणि तिच्या काकांना घेऊन टेबलापाशी आल्या. जावयाचा तिसरा ग्लास उघडून त्यांनी घोटभर घेतला, मग भावाचा तिसरा.

"अहो, पुरावा आहे तो!" हवालदार ओरडला.

"म्हणूनच तर. घ्या तुम्हीपण."

पहिला घोट मिरीसारखा झोंबला. दुसरा मधासारखा गोड.

"आकडा एकच आणि चव दोन? हे कसं?" त्याने विचारलं.

"कारण काकांनी आपली तिसरी पिऊन टाकली होती. मोठ्या भावाने तिसरी उचलली, म्हणजे सोबत कोणीतरी होतं. जावयाची तशीच भरलेली आहे. खुनानंतर काकांना ग्लास पुन्हा भरायचा होता, पण तिसरी बाटली तर भावाच्या डोक्यावर फुटलेली. मग चौथीतली ओतली, म्हणून ती कमी. रंग सारखाच होता."

"चाखण्यात मुरलेला माणूस असली चूक करेल?"

"नासलेली कॉफी पितो तो करेल. स्वतःला फरक कळेनासा झाला, की इतरांना कळतो हे माणूस विसरतो."

भावाने चौथी बाटली उचलली आणि बाईंच्या कपाळावर मारली. रक्ताची धार लागली. दुसरा घाव पडायच्या आत हवालदाराने खुर्ची त्याच्या मनगटावर आपटली. हाड मोडल्याचा आवाज झाला. त्याने भावाला गालिच्यावर पालथा पाडला आणि पाठीवर गुडघा रोवला.

"दादाने विचारलं, तिसरीत मिरी आहे की मध?" भाऊ कण्हत बोलला. "मी म्हटलं, मध. हसला मेला! म्हणाला, नाक गेलं तुझं, उद्यापासून कारखान्यात पाऊल टाकू नकोस. तीस वर्षं, पोरी! मला दुसरं येतंय काय?"

मुलगी त्याच्याजवळ बसली. त्याचा गाल तिच्या बापाच्या रक्तात टेकला होता.

"काका, कसला वास येतोय?"

त्याने श्वास ओढला. पुन्हा ओढला. मग रडायला लागला. "काहीच नाही गं."

ती उठली. पदराने डोळे पुसले आणि हवालदाराकडे वळली.

"माझ्या नवऱ्याला गाडीतून उतरवा," ती म्हणाली, "आणि ह्या माणसाला बसवा."