पिवळ्या फेरीतली बाई

दोन हजार सतरा साल. फेब्रुवारीतला मंगळवार. दुपारचे चार.

साल, वार, वेळ सगळं आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, म्हातारीने मनाने रचलंय. रचण्याएवढी हुशारी माझ्यात नाही. हे माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात घडलं आणि त्यातलं बरंचसं मी समोर बसून पाहिलंय.

रात्र नव्हती. दिवे गेले नव्हते. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं.

म्हणून तर मला आता दुपारचीच धास्ती वाटते.

माझी ताई तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. कानाला यंत्र लावायचं आणि दिवा लागला की उत्तर द्यायचं, हीच नोकरी. ती सवय अंगात इतकी भिनलेली की गाढ झोपेत कुणी हाक मारली तरी तिच्या तोंडून "ओ" निघायचं. आम्ही पोटभर हसायचो.

तिचे यजमान, आमचे भावजी, नकाशे काढायचे. केसाएवढी रेघ वाकडी गेली तर अख्खा कागद फाडून पुन्हा पहिल्यापासून बसणारा माणूस. त्या माणसाला विसरण्याचा आजार जडला. आधी किल्ल्या गेल्या. मग गल्ली गेली. मग माणसं जायला लागली.

डॉक्टर म्हणाले, "घरच्यांचे फोटो भिंतीवर लावा. रोज दाखवा. पण कागदावरचे, फोनवर नकोत."

ते खरंच होतं. फोनवर लेकीचा फोटो दाखवला की भावजी म्हणायचे, "बातम्या लागल्या वाटतं."

ताईला एकच भीती होती. कुणाला सांगत नव्हती, पण मला ठाऊक होती. एक दिवस ते आपल्याकडे बघतील आणि विचारतील, तुम्ही कोण?

म्हणून आम्ही दोघी प्रिंटर बघायला गेलो.

कॅमेऱ्यांचं जुनं दुकान होतं. दुकानदाराने काउंटरवर तीन प्रिंटर मांडले. पहिला शाईचा.

"फोटो झकास येतो," तो म्हणाला. "पण रोज चालवला नाही तर शाई वाळते. तोंड बुजतं त्याचं."

"कधीच न बुजणारं तोंड मी बरोबर घेऊन आलेय," ताई माझ्याकडे बघत म्हणाली. "आणि ओलं बोट लागलं तर?"

"रंग पसरणार."

ताईने तो बाजूला सारला. भावजी बोटाला थुंकी लावूनच कागद उलटायचे. जन्माची सवय.

दुसरा तळहाताएवढा होता. त्याला शाईच लागत नव्हती, पण फोटो काड्यापेटीपेक्षा थोडाच मोठा.

"यात आमच्या ह्यांना नाक कुठलं आणि कान कुठला तेच कळायचं नाही," ताई म्हणाली.

तिसरा शाळेच्या डब्याएवढा. फोटो पोस्टकार्डाएवढा.

"यात रंगाची फीत असते," दुकानदार म्हणाला. "कागद चार वेळा आतबाहेर करतो. पहिल्या फेरीत पिवळा रंग चढतो, दुसरीत लाल, तिसरीत निळा. चौथीत वरून पारदर्शक थर. मग खुशाल पाण्यात बुडवा."

"हाच द्या."

"हा एकच आहे हो, आणि तोही उघडलेला. एका गृहस्थांनी परत आणून दिला."

"बिघडलाय?"

"छे, मी तपासला ना. यंत्र एक नंबर आहे. ते गृहस्थ म्हणाले..." त्याने यंत्रावरची धूळ पुसली. "म्हणाले, यात आमच्या घरातलं एक माणूस उमटत नाही."

ताई हसली. "आमच्याकडे बारा-पंधरा माणसं आहेत. एखादं नाही उमटलं तर बरंच."

"आतली फीत अर्धी वापरलेली आहे. अजून अठरा फोटो निघतील. ती काढून टाकू?"

"राहू द्या की. चांगली वस्तू कशाला टाकायची?"

तेवढंच चुकलं.

घरी येऊन ताईने यंत्र खिडकीजवळच्या टेबलावर ठेवलं. भावजींना शेजारी खुर्चीत बसवलं. मी आत चहा टाकत होते. पहिला फोटो लेकीचा निवडला. समुद्रकिनारी एकटीच उभी असलेली.

खर्र... खर्र... टक्.

कागद अर्धा बाहेर आला. नुसता पिवळा. लेकीचा चेहरा, वाळू, पाणी, सगळं फिक्कट पिवळं.

आणि लेकीच्या शेजारी... आणखी कुणीतरी.

बाई होती. खांद्यावरून पुढे घेतलेली लांब वेणी. चेहरा सरळ समोर, बघणाऱ्याकडे.

ताई वाकली, तोवर कागद आत गेला. लाल होऊन आला. निळा होऊन आला. चौथ्यांदा बाहेर पडला तेव्हा फोटोत लेक एकटीच होती. समुद्र, वाळू, लेक.

ताईच्या चष्म्याची दांडी तुटली होती, तिने ती काळ्या दोऱ्याने बांधली होती. तिला वाटलं, चष्माच हलला असेल.

भावजी मात्र यंत्राकडे बघत गालात हसत होते.

"आली वाटतं," ते म्हणाले.

"कोण आली?"

त्यांनी खुर्ची यंत्राच्या आणखी जवळ ओढली.

दोन दिवसांत तेरा फोटो भिंतीवर लागले. आणि काय सांगू, गुण आला! भावजींनी लेक ओळखली. जावई ओळखला. माझ्या फोटोसमोर उभे राहून म्हणाले, "या मेव्हणीबाई. सगळ्या मुलखाचा नकाशा काढला मी, पण हिचं बोलणं संपतं ती जागा काही सापडली नाही."

आम्ही तिघंही हसलो. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. धीर करून तिने विचारलं, "आणि मी हो?"

भावजी तिच्याकडे बघत राहिले. 

"तुम्ही औषध देता ना सकाळी? फार मायाळू आहात हो तुम्ही, बाई."

बेचाळीस वर्षं "अगं" म्हणणारा माणूस. "अहो बाई" म्हणाला.

ताईने भिंतीकडे पाहिलं. तेव्हा तिच्या लक्षात आलं. तेरा फोटोंत ती कुठेच नव्हती. असणार कशी? जन्मभर कॅमेरा तिच्याच हातात. सहली, पदव्या, बारशी, सगळ्यांना "जरा जवळ सरका" म्हणणारी ती. एका फोटोत तेवढी तिची सावली होती, भावजींच्या पायांशी पडलेली.

भावजींनी त्या सावलीवर बोट ठेवलं. "हे काय सांडलंय इथे?"

ताई आत निघून गेली. नळ सोडल्याचा आवाज आला. बराच वेळ येत राहिला.

गुरुवारी दुपारी मी दोघांना सोफ्यावर शेजारी बसवलं आणि ताईच्या फोनवर फोटो काढला. सुरेख आला. कापलेले पांढरे केस, दोरा बांधलेला चष्मा, भावजींच्या हातावर तिचा हात.

खर्र... खर्र... टक्.

चार फेऱ्या झाल्या. फोटो बाहेर पडला.

भावजी होते. सोफा होता. शेजारची उशी खोल दबलेली होती, कुणी बसल्यासारखी.

ताई नव्हती.

फोनवर पाहिलं. होती. हसत होती.

"पुन्हा काढ," ताई म्हणाली.

पुन्हा तेच. दबलेली उशी आणि रिकामी जागा.

"पुन्हा."

"ताई, राहू दे. दुसऱ्या दुकानातून—"

"पुन्हा काढ म्हणते ना!"

तिचा आवाज तसा मी कधी ऐकला नव्हता. बुडणाऱ्याने ओरडावं तसा. तिसरा निघाला. चौथा निघाला.  पाचव्या वेळी फीत संपत आली होती. कागद पिवळा होऊन बाहेर आला आणि या वेळी... मीही पाहिलं.

सोफ्यावर भावजींच्या शेजारी वेणीवाली बसली होती. तिचा हात त्यांच्या हातावर होता. जिथे ताईचा होता तिथेच.

भावजी सोफ्यावरून उठले. चेहरा उजळला त्यांचा. त्यांनी हाक मारली.

एक नाव घेतलं. आमच्या सात पिढ्यांत त्या नावाचं कुणी नाही. ते मी इथे लिहिणार नाही. तुम्हीही विचारू नका.

आणि ताई म्हणाली, "ओ."

मुद्दाम नाही. तीस वर्षांची सवय ती. हाक आली, उत्तर गेलं.

भावजी वळले. यंत्राकडे नाही, ताईकडे. तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"अगं, होतीस कुठे इतके दिवस?"

ताई हुंदके देऊन रडली. मीही रडले. काय करणार?

दोघं आत गेल्यावर मी यंत्रातली संपलेली फीत ओढून काढली आणि खिडकीत उन्हासमोर धरली. त्या फितीचा एक गुण आम्हाला दुकानदाराने सांगितला नव्हता. छापलेल्या प्रत्येक फोटोची उलटी छाया तिच्यावर राहते.

आधीचे अठरा फोटो त्या गृहस्थांच्या घरचे होते. सगळ्यांत एकच बाई. खुर्चीत बसलेली, वेणी पुढे घेतलेली. पहिल्या फोटोत ठसठशीत. पुढे पुढे फिकी. अठराव्यात नुसती खुर्ची...

म्हणजे तीही आमच्यासारखीच कुणी तरी. तिच्याही घरी कुणी तरी म्हणालं असेल, पुन्हा काढ.

मी फीत घेऊन ताईकडे धावले. तिने शांतपणे पाहिली.

"ताई, त्या नावाला ओ देऊ नकोस. पाया पडते तुझ्या."

"त्यांनी ओळखलं गं मला."

"तुला नाही ओळखलं! तिला ओळखलं!"

"'अगं' म्हणाले," ती म्हणाली. "ते 'अगं' म्हणणार असतील तर मला कुणाचंही नाव चालेल."

आतून पुन्हा हाक आली. तेच नाव.

ताईने माझ्याकडे पाहिलं. सगळं कळून, समजून पाहिलं. आणि ओ देऊन गेली.

पुढचं दीड वर्ष त्या घरात सुख होतं, हे मला खोटं सांगता येणार नाही. भावजी जेवायचे, हसायचे, तिचा हात सोडायचे नाहीत. ताईने चष्मा लावायचं सोडलं. म्हणाली, आता नीट दिसतं. केस कापायचंही सोडलं. ते वाढले. आणि मुळाशी काळे यायला लागले. पासष्टीनंतर केस काळे होतात का कुणाचे?

एकदा मी दारातून हाक मारली, "ताई!"

ती वळलीच नाही.

मी पुन्हा मारली. तिसऱ्यांदा मारली. मग तिने मान वळवून बघितलं, आणि अगदी मायाळूपणे विचारलं, "कोण हवंय तुम्हाला?"

भावजी दोन हजार अठराच्या ऑगस्टमध्ये गेले. दुपारी, तिच्या हातात हात, तोंडात ते नाव. इतकं समाधानी मरण मी दुसरं पाहिलं नाही.

तिला लेक आपल्या घरी घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, आईलाही वडिलांचाच आजार आहे. असेलही. लेक तिला आई म्हणते. ती हसते, पण ओ देत नाही. काळीभोर वेणी कमरेपर्यंत आली आहे. फोटोत ती छान उमटते म्हणे.

दुकानदाराला मी एकदा गाठलं होतं, दुकान कायमचं बंद व्हायच्या आधी. विचारलं, "त्या गृहस्थांची बायको वारली का हो?"

"छे हो. धडधाकट आहे. पण ते गृहस्थ भेटेल त्याला सांगत सुटतात, ही माझी बायको नव्हे."

यंत्र माझ्याकडे आहे. मी त्यात नवी फीत घातली; पण फीत बदलून आतलं माणूस निघत नाही, हे मग कळलं. लोक म्हणतात माझी स्मरणशक्ती दांडगी आहे. लहानपणीच्या भाडेकऱ्यांची नावं मला पाठ आहेत. पण डोळे मिटले की ताईचा चेहरा येत नाही. वेणीच येते. आणि माझ्या मूळच्या ताईचा एकही फोटो कुणाकडे नाही. तिच्या फोनमध्ये तो सोफ्यावरचा आहे अजून, पण त्यातही आता भावजी एकटेच हसतात.

म्हणून कधी अगदीच राहवलं नाही तर मी कशाचाही फोटो छापते. कपाचा, भिंतीचा, रिकाम्या टेबलाचा.

खर्र... खर्र... टक्.

पहिल्या पिवळ्या फेरीत ती येते. कापलेले केस, दोऱ्याने बांधलेला चष्मा. माझी ताई. सात-आठ सेकंद. मग कागद आत जातो आणि लाल रंग तिला झाकून टाकतो.

गेल्या वेळी तिचे ओठ उघडलेले होते. गोल. मी तिला जन्मभर ओळखते. ती "ओ" म्हणत होती.

मी हाक मारली नव्हती. मग कुणाला?

त्या यंत्राच्या फिती आता कुठेच मिळत नाहीत. माझ्याकडे चार कागद उरलेत. जगात तिला "ताई" म्हणणारी मी एकटी. एकदा मोठ्याने हाक मारून बघावी असं रोज मनात येतं...

तिने ओ दिली आणि बाहेर आली, तर तिच्या जागी आत कोण जाईल?

काल दुपारी घरात सोफ्यावर एकटीच बसले होते, तेव्हा मी समोरच्या आरशात पाहिलं. माझ्या शेजारची उशी दबलेली होती.