थरथरत्या ताऱ्यांचा तपास

"हलतोय! परत हलतोय!" दुर्बिणीला डोळा लावून बटाट्या ओरडला.

"तूच हलतोयस. श्वास रोखून बघ," ताई म्हणाली.

"कधीचा रोखलाय! आता मरेन!"

ही दोघं भावंडं सुट्टीत मावशीकडे आली होती. मावशी टेकडीवरच्या वेधशाळेची दुर्बीण सांभाळायची. गोल घुमट, घुमटाला उघडणारी फट आणि आत माणसाहून उंच पितळी दुर्बीण! आज आठ वाजता समिती येणार होती. तारे नीट दिसले नाहीत, तर दुर्बीण विकायची आणि घुमटात उपाहारगृह काढायचं, असं ठरलं होतं.

"मागच्या खेपेला त्यांना नुसता डाग दिसला गं," मावशी म्हणाली. "भिंग तर मी स्वतः पुसते." मग ती पाहुण्यांना घ्यायला फाटकाकडे गेली. जाताना तिनं दुर्बिणीवरून हात फिरवला, आजारी माणसाच्या कपाळावरून फिरवावा तसा.

*ताईची वही.*
*सोमवार. पाहुणे नाहीत. मृगाच्या बाणाखाली धुकट ढग, ढगात चार तारे. टाचणीच्या टोकाएवढे. स्थिर.*
*बुधवार. समिती. चौघांचा एकच गोळा.*
*आज, सव्वासात. गोळा.*

"म्हणजे तारे फक्त पाहुण्यांना घाबरतात?" असं म्हणत बटाट्या बाकावर टेकला आणि ताडकन उठला. "आई गं! बूड भाजलं!"

बाकाखाली हीटर! लालबुंद!

ताई वाकून बघत राहिली. पेटत्या शेगडीवरून पाहिलं की पलीकडची भिंत डुलते. इथली गरम हवा घुमटाच्या फटीतून वर जात होती, आणि तिच्यातून तारा...

"ए पोरांनो! हात लावायचा नाही!" वेधशाळेच्या कार्यालयाचे साहेब दारात उभे होते. "पाहुण्यांना थंडी वाजू नये म्हणून तासभर आधी मीच लावून ठेवतो. दरवेळी! इथं दुसऱ्या कुणाला सुचतं का?"

"पण साहेब, त्यामुळेच तर..."

"मला शिकवू नकोस!"

ताईनं बटाट्याकडे पाहिलं. बटाट्या जिन्यानं खाली पळाला आणि मिनिटभरात धापा टाकत परत आला.

"साहेब! समितीच्या अध्यक्षबाई आल्या! बैठकीची खोली नुसती बर्फ आहे. तिथं हीटर नाही?"

"अरे देवा!" म्हणत साहेबांनी स्वतःच हीटर उचलला आणि ते धावले.

ताईनं घुमटाची फट पूर्ण उघडली. थंड हवा आत आली. पण घुमट निवायला अर्धा तास तरी हवा!

*साडेसात. साहेब गरम खोलीत एकटेच. घुमट निवेपर्यंत अध्यक्षबाई आणि बाकीचे आमच्याबरोबर बाहेर पायऱ्यांवर.*

"तो धुकट ठिपका दिसतोय?" बटाट्यानं विचारलं. "त्याचा उजेड निघाला तेव्हा तुम्ही केवढ्या होता?"

"किती वर्षं झाली निघून?"

"तेराशेच्या वर!"

"अरे लबाडा! एवढी का म्हातारी दिसते मी?" अध्यक्षबाई खळखळून हसल्या. मग त्यांनी त्या ठिपक्याकडे पुन्हा पाहिलं. "एवढ्या लांबून आला," त्या हळूच म्हणाल्या, "आणि मी कित्येक वर्षांत मान वर केली नाही."

सगळे वरच बघत राहिले. मान दुखत होती, तरी खाली बघवत नव्हतं. ताईला वाटलं, आपण केवढेसे! पण त्या उजेडाला कुठंतरी पोचायचं होतं, आणि तो पोचला तो आपल्याच डोळ्यांत.

*आठ.*

अध्यक्षबाईंनी दुर्बिणीला डोळा लावला. मावशीनं पदर मुठीत घट्ट धरला होता.

"एक..." अध्यक्षबाई पुटपुटल्या. "दोन... तीन... अगं बाई, चार!"

ताईनं हीटरचं सांगत वही पुढे केली. ती वाचून अध्यक्षबाईंनी मावशीचा हात धरला. "दुर्बीण इथंच राहील. पाहुणे स्वेटर घालून येतील! आणि शाबास रे पोरांनो, आम्हा मोठ्यांना जे दिसलं नाही ते तुम्ही शोधलंत."

साहेब कान खाजवत पुढे आले. "मी... जरा बघू?"

त्यांनी डोळा लावला. पाच मिनिटं झाली. दहा झाली. थंडीनं त्यांचे दात कडकड वाजत होते.

"साहेब, सोडा की आता!" बटाट्या कळवळला. "आमचा नंबर!"

"थांब रे जरा," साहेब स्वप्नात असल्यासारखे म्हणाले. "श्वास रोखलाय मी."