सातव्या दिव्याचा साक्षीदार

गेली ना वीज? जाऊ दे. कंट्रोलर खाली ठेवा, वायरी ओढू नका. तो दरवाजा उघड रे जरा, समुद्रावरचं वारं तरी आत येऊ दे. मघापासून ऐकतोय तुमची कटकट. गेम भारी की राइड भारी, सिनेमात आहे ते राइडमध्ये का नाही, ह्याचा फोटो खरा की त्याचा बनावट. माझ्या, या शाज़लीच्या गेमच्या दुकानात पंधरा वर्षं हेच चाललंय. पण फोटोवरून कुणाला खोटं पाडायच्या आधी वग्दीचं काय झालं ते ऐकून घ्या.

कोण वग्दी म्हणून काय विचारतोस? गल्लीच्या टोकाला मोबाइल दुरुस्त करायचा तो. हल्ली इकडे फिरकत नाही. का फिरकत नाही, तेच तर सांगतोय.

गेल्या सालचा रमजान. एकोणतिसावा रोजा, गुरुवार. ऊन उतरलं तसं आईने वग्दीला हाकललं, "जा, भट्टीवर आपले ट्रे भाजून झालेत का बघ. ईदची बिस्किटं शेजारणीच्या नावावर गेली तर तुला घरात घेणार नाही." वग्दी गेला. भट्टीवर ही गर्दी! भट्टीवाला म्हणाला, "रोजा सोडून ये बाबा, तुझा नंबर लांब आहे." आणि त्याने पितळेचं एक टोकन वग्दीच्या हातात टेकवलं. वग्दीने ते जॅकेटच्या डाव्या खिशात टाकलं. खिसा रिकामा होता. हे ध्यानात ठेवा.

आता घरी जायचं सोडून हा गेला कुठे? समुद्रकाठच्या जुन्या बागेत. दिव्यांची होडी चालायची तिथे. तुमच्यातल्या बारक्यांनी पाहिली नसेल, ईदनंतर पाडलीच ती, रस्ता रुंद करायला. दीपगृहाच्या रखवालदाराचा तो सिनेमा माहितीये ना? हां, त्याचीच राइड. अंधाऱ्या बोगद्यात पाणी, पाण्यावर दोघांची होडी, दोघांच्या हातात एकेक दिव्याची बंदूक. वाटेत दिवे पेटतात, नेम धरून विझवायचे. दिव्याला शंभर गुण. बाहेर आलं की फळ्यावर डाव्या जागेचे आणि उजव्या जागेचे गुण वेगवेगळे लागायचे.

गोम अशी, की सिनेमात दिवे सात. गेममध्येही सात, सातवा लपवलेला. आणि राइडमध्ये सहाच! सातवा गेला कुठे, यावरून या दुकानात कप फुटलेत. वग्दीचे सहाशे झाले होते. सहाशेच्या वर कुणाचे जात नव्हते.

आणि त्या रमजानच्या आधी, हिवाळ्यात एक दिवस शिर्बिनी फोटो घेऊन आला. सातशे.

शिर्बिनी कोण? वग्दीचा जिवलग. अंगाने हा एवढा जाड, डावखुरा, म्हणून होडीत कायम डावीकडे. तोंडात अखंड खारवलेल्या बिया. टक, टक, टक. होडीत टरफलं टाकली की राइड चालवणारा बयूमी ओरडायचा, म्हणून हा गडी टरफलं गुपचूप शेजाऱ्याच्या खिशात सोडायचा. ओली, थुंकी लागलेली! वग्दीने खिशात हात घातला की शिव्यांची लाखोली, आणि शिर्बिनी पोट धरून हसतोय. रोजचा खेळ होता दोघांचा.

तर सातशेचा फोटो. सगळे तुटून पडले. दिवा कुठे आहे ते सांग! शिर्बिनी म्हणाला, "तसं नाही सांगणार. माझ्या शेजारी येऊन बसा, दाखवतो." तुम्ही पोरं अशीच. गुपित सापडलं की ते फुकट द्यायला जिवावर येतं. बरं, त्या दिवशी तो एकटाच गेला होता. एकटा माणूस बसला की होडी कलते, म्हणून बयूमी दुसऱ्या जागेवर वाळूचं पोतं ठेवायचा. म्हणजे साक्षीदार कुणी नाही.

वग्दीने फोटो मोठा करून पाहिला. तो मोबाइलवाला, त्याचा शब्द म्हणजे शेवटचा. म्हणाला, "सात आकडा जरा जास्तच उजळ दिसतोय. बनावट आहे." आणि वर हसून म्हणाला, "साक्षीदार कोण? वाळूचं पोतं?"

हे दुकान हसलं. मीपण हसलो.

खरं सांगायचं तर वग्दीने नीट पाहिलंच नव्हतं. पोटात दुखलं होतं त्याच्या. शिर्बिनीला दुकानातल्या पोरांच्या मोबाइलवरच्या ग्रुपमधून काढलं. त्याने वग्दीला एकट्याला निरोप पाठवला, "एकदा ये, माझ्या शेजारी बस. एकदाच." वग्दीने ऐकला, उत्तर दिलं नाही. त्याच रात्री पावसात, समुद्राच्या रस्त्यावर मायक्रोबसने शिर्बिनीला उडवलं. जागच्या जागी.

तेव्हापासून वग्दीला झोप नाही. शिर्बिनी खरं बोलत होता का? एवढंच त्याला हवं होतं. खोटं बोलत असेल तर निदान भांडण तरी खरं. आणि खरं बोलत असेल तर... मग मी काय केलं? हे त्याने मला इथेच, त्या स्टुलावर बसून विचारलं होतं. राइडवर जायला मात्र धजत नव्हता. असा अपघातात गेलेला माणूस आपल्या ठिकाणी घुटमळतो, हे त्याच्या आईने लहानपणापासून डोक्यात भरवलेलं. पण रमजानात सगळी भुतंखेतं साखळदंडात. ईदनंतर राइड पडणार. म्हणून मग रमजानातच.

हसू नकोस रे. तुझी आजी रमजानात रात्री गच्चीवर एकटी जाते ना? आणि एरवी? मग!

तर त्या गुरुवारी बाग ओस पडली होती. रोजा सोडायची वेळ, सगळे ताटावर. बयूमीने त्याला खजूर दिले, वाटीभर डाळ दिली. रोजा सोडायची तोफ झाली, अजान झाली, दोघांनी खाल्लं.

"बयूमीकाका, उद्या ईद की रोजा?"

"रोजा! तीस होणार. पैज लाव. आज चंद्र दिसत नाही."

वग्दीला हायसं वाटलं. पण स्वभाव जातो कुठे? त्याने सगळं तपासलं. डाव्या जागेवरचं पोतं दाबून पाहिलं, वाळूच होती. डाव्या बंदुकीची वायर उपटून वर चिकटपट्टी मारलेली.

"ही कधीपासून बंद?"

"हिवाळ्यापासून. पाडायचंय ते दुरुस्त कोण करतं? बस लवकर, माझा चहा निवतोय."

"आत कुणी नाही ना? मुलं चेष्टा करायला लपली असतील तर आत्ताच सांगा."

"अरे संशयात्म्या, सगळं इस्कंदरिया शहर जेवतंय! तुझी चेष्टा करायला कोण उपाशी बसलंय?"

होडी सुटली.

पहिला दिवा. विझला. दुसरा, तिसरा. वग्दीचा हात बसलेला होता. एक डोळा दिव्यावर, एक भिंतींवर. सातवा कुठे? चौथा विझला. कुठेच काही नाही. पाचवा. त्याच्या मनात आलं, नाहीच आहे सातवा. शिर्ब्या, खोटं बोललास. आणि खरं सांगू का, त्याला बरं वाटलं. खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात बाहेर काहीतरी फुटलं.

तो दचकला. पुन्हा फुटलं. फटाके. मग मुलांची आरोळी. मग मशिदीतून, एकीतून, दुसरीतून, लाटेसारखं येत राहिलं... अल्लाहु अकबर... अल्लाहु अकबर... ईदचा गजर.

चंद्र दिसला होता.

रमजान संपला होता. मघाशीच. तो डाळ खात होता तेव्हाच. आणि साखळ्या...

"बयूमीकाका!"

पाण्याचा आवाज. बस.

होडी डावीकडे कलली.

हळूच. कुणीतरी जाड माणूस नीट बूड टेकवून बसावा तशी. वग्दीने मान वळवली नाही. नजर पुढे. सहावा दिवा समोर उजवीकडे पेटला. नेम लागला. विझला.

अंधार.

आणि शेजारी...

टक.

असेल काही. लाकूड वाजलं असेल.

टक... टक.

कानाजवळ. ओलं. मग जरा वेळ काहीच नाही. मग होडी अजून कलली, शेजारचा खाली वाकला तर कलेल तशी. वग्दीचा तोल गेला, तोही डावीकडे झुकला, मान आपोआप मागे वळली...

आणि दिसला.

मागे, पाण्यालगत, खडकाच्या आडोशाला. बोटभर खिडकी. खिडकीत पिवळा दिवा. तो फक्त डावीकडून दिसणार. तोही वाकून, मागे वळून पाहिलं तरच. आणि त्या क्षणी सगळी दुनिया सहावा विझवून समोरच बघत बसलेली असते. कुणाला दिसणार? सांडलेल्या बिया उचलायला वाकणाऱ्यालाच.

वग्दी म्हणाला... मोठ्याने म्हणाला, "दिसला. शिर्ब्या, दिसला रे."

त्याची बंदूक मांडीवर होती. दोन्ही हात होडीच्या काठाला. त्याने चाप ओढला नाही.

दिवा विझला.

होडी बाहेर आली. बयूमी चहाचा ग्लास घेऊन उभा, तोंड कडू. "ईद झाली बघ! पैज हरलो. अरे... तुझा रंग का उडालाय?"

वग्दी फळ्याकडे बघत होता. उजवी जागा, सहाशे. डावी जागा, शंभर.

बयूमीने चष्मा वर-खाली केला. "बिघाड असेल," म्हणाला. जाऊन डावी बंदूक पाहिली. चिकटपट्टी जशीच्या तशी, वायर लोंबतेय. पोतं जागेवर. मग त्याने खटका खाली ओढला, दिवे घालवले आणि न प्यालेला चहा तसाच पाण्यात ओतला. पण त्याआधी वग्दीने फळ्याचा फोटो काढला होता.

तो भट्टीपर्यंत पळतच गेला म्हणे. रस्त्यावर ही गर्दी, ईदची रात्र, पोरंबाळं, फटाके. माणसं पाहून त्याच्या जिवात जीव आला. भट्टीच्या रांगेत उभा राहून त्याने फोटो ग्रुपवर टाकला, आणि बोलून निरोप पाठवला. मी ऐकलाय तो, माझ्या फोनवर आला होता. रडत होता. "सातवा दिवा आहे. शिर्बिनी खरं बोलत होता. खोटा मी होतो. मी त्याचा फोटो नीट पाहिलासुद्धा नव्हता. त्याला कुणी खोटं म्हणू नका रे आता."

उत्तरं यायला लागली. पहिला म्हणाला, ईद मुबारक, काय ओढलंस? दुसरा म्हणाला, डावीकडचा एक आकडा जरा जास्तच उजळ दिसतोय. आणि मग तिसरा. कोण ते सांगत नाही, तुमच्यातच बसलाय आत्ता, मान खाली घालून. त्याने लिहिलं, "साक्षीदार कोण? वाळूचं पोतं?"

वग्दी त्या ओळीकडे बघत राहिला. रागावला नाही. हे कुणाचे शब्द आहेत, ते त्याला माहीत होतं. असंच वाटलं असणार शिर्ब्याला. अगदी असंच.

"ए भाऊ!" भट्टीवाला ओरडला. "रांग थांबलीय. टोकन?"

वग्दीने डाव्या खिशात हात घातला.

आणि हात तसाच राहिला.

दिवसभर त्याचा रोजा. बियांना तर त्याने जन्मात हात लावला नव्हता, दाढ किडलेली. त्याने मूठ बाहेर काढली. मुठीत पितळेचं टोकन होतं, आणि टोकनाभोवती टरफलं. मूठभर. ओली.

भट्टीवाला वैतागला, "खाली सांडू नकोस ती, आत्ता झाडलंय!"

वग्दीने टोकन दिलं. टरफलं मात्र एकेक करून परत खिशात ठेवली.