सात नंबरचा पेशंट

हवेत हात धुणारी मुलगी दिसली की कोणीही थबकेल. तोही थबकला.

परीक्षेच्या इमारतीमागे एक बाक होता. सकाळचं ऊन नुकतंच त्याच्यावर येऊन टेकलं होतं, आणि त्या उन्हात ती डोळे मिटून बसली होती. पाणी नाही, साबण नाही… तरी तळव्यावर तळवा, बोटांत बोटं, मग अंगठे. पांढऱ्या गणवेशाची इस्त्री कडक होती, पण ती घाबरलीय हे चेहऱ्यावरून लांबूनही कळत होतं.

"मनगटं राहिली," तो म्हणाला.

तिने डोळे उघडले. समोर ओल्या केसांचा एक उंचापुरा माणूस सफरचंद खात उभा होता. खरं तर तिला राग यायला हवा होता, पण करते काय, मनगटं खरंच राहिली होती.

तो पोहायला शिकवायचा. पोरं त्याला बेडूकमास्तर म्हणत, आणि हे त्याने स्वतःच, जराही न लाजता सांगितलं. त्यांच्या तलावाजवळच्या नळावर हात धुण्याचा तक्ता लावलाय, पोरं तो वाचत नाहीत म्हणून मास्तरच रोज वाचतो. इथे कशाला आलात, असं तिने विचारलं, तर म्हणाला, "आजारी पडायला." तिला वाटलं, थट्टा करतोय.

आणि मग काय झालं कोण जाणे… घरीसुद्धा जे नीट बोलली नव्हती ते ती या परक्या माणसाला सांगून बसली. नर्सची ही परीक्षा तीनदाच देता येते, आणि आज तिसरी वेळ. पहिल्यांदा हातातून ट्रे पडला. तो नशिबाचा भाग. दुसऱ्यांदा मात्र उत्तर बरोबर होतं. परीक्षकांनी नुसतं "पक्कं?" म्हणून डोळे रोखले आणि हिने घाबरून ते खोडलं. आज नापास झाली तर लहान मुलांच्या वॉर्डातली जागा गेली. दोन वर्षं ती तिथे तात्पुरती काम करत होती, आणि त्या वॉर्डात तिचा जीव होता. मग मामाच्या दुकानात बसून पडद्यांचं कापड मोजायचं, जन्मभर.

त्याने धीरबीर काही दिला नाही. नुसता ऐकत राहिला, तिच्याकडे बघत. तिने मान खाली घातली, वर केली… तो अजून बघतच होता. तेवढ्यात घंटा झाली.

बारा खोल्या, प्रत्येकीत आठ मिनिटं. रबरी हाताला इंजेक्शन, खोट्या जखमेला पट्टी. पाचव्या खोलीत बाहुलीचा लंगोट बदलताना तिच्या तोंडून "आलं हं, आलं, झालंच बघ" असं निघून गेलं आणि परीक्षकांनाही हसू आवरेना. तिला जरा हुरूप आला.

सातव्या खोलीत मात्र ती दारातच अडखळली. पलंगावर तोच झोपला होता! पोट धरून, छान कण्हत. म्हणजे आजारी पडायला आलोय हे खरंच होतं. परीक्षेसाठी बोलावलेला खोटा पेशंट होता हा. आणि शेजारी मुख्य परीक्षक, मोठ्या बाई, नाकावर माशी बसू न देणाऱ्या. त्यांचा नियम एकच होता. सकाळी त्यांनी स्वतः पेशंटची नाडी मोजून ठेवलेली असे. त्या आकड्यात आणि मुलीच्या आकड्यात चार ठोक्यांहून जास्त फरक पडला की ती मुलगी घरी.

तिने त्याच्या मनगटावर तीन बोटं ठेवली. हात ऊबदार होता. खिडकीतून पानांच्या सावल्या चादरीवर हलत होत्या, आणि ते एक मिनिट काही केल्या सरेना… सरू नये असंच वाटत होतं. पण मोजणं तिने सोडलं नाही. ब्याण्णव. तिने लिहिलं.

बाईंनी कागद पाहिला. सकाळी अठ्ठावन्न होते, त्या म्हणाल्या, पोहणाऱ्या माणसाची नाडी संथच असते. तुझ्याआधी सहा जणींनीही तेवढेच मोजलेत. मग चष्म्यावरून बघत विचारलं, "पक्कं?"

पुन्हा तोच प्रश्न. एकीकडे सात जणी, दुसरीकडे ही एकटी. पेन त्या आकड्यावर जाऊन टेकलं. एक रेघ मारली की झालं… पण बोटांना जे लागलं ते लागलं होतं.

"पक्कं," ती म्हणाली. तिने पेन बाजूला ठेवलं. "तुम्हीपण धरून बघा, बाई. आपण दोघी एकदम मोजू."

बाईंनी डावा हात धरला, तिने उजवा. मिनिट संपलं आणि दोघींचा आकडा एकच निघाला, पंच्याण्णव. बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. बरं नाहीये का खरंच, असं त्यांनी पेशंटला काळजीने विचारलं.

इतका वेळ झकास कण्हणारा मास्तर सोंग विसरला. कान लाल झाले. "मी ठणठणीत आहे, बाई. यांनी हात सोडला की उतरतील ठोके."

"म्हणजे?"

"म्हणजे… या मला सकाळी मागच्या बाकावर भेटल्या. तेव्हाही हे असंच झालं होतं. बाकीच्या मोजून गेल्या, मी आरामात पडलो होतो. या दारातून आत आल्या आणि…"

तिला तर जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. बाईंनी तिला पडद्यामागे उभं केलं, थोडं थांबल्या, आणि एकट्याने मोजलं. एकोणसत्तर, आणि अजून उतरतच होते. मग त्यांनी तिच्या आकड्यापुढे बरोबरची खूण केली. ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं खरं, पण बाई त्या बाईच. घंटा झाली, आठव्या खोलीत जा, म्हणाल्या.

उरलेल्या खोल्या तिने कशा पार केल्या ते तिला आजही सांगता येत नाही. संध्याकाळी फळ्यावर यादी लागली आणि त्यात तिचा नंबर होता. आई फोनवर आधी रडली, मग दिवसभर काही खाल्लं नाहीस म्हणून रागावली.

बाहेर पायऱ्यांवर तो उभा होता. एवढा आनंद, पण तिच्या मनात एक काटा सलत होता. खरं सांगा, ती म्हणाली, मी नापास होऊ नये म्हणून बोललात का ते?

"तुम्ही आधीच पाय रोवून उभ्या होतात. मी कसला वाचवतोय तुम्हाला?" तो म्हणाला. "आणि पोटदुखीचं सोंग येतं मला… नाडीचं कसं आणणार?"

ती हसली. मग हसू ओसरलं. रस्त्यावरचे दिवे एकेक करून लागत होते, आणि तो शेजारी उभा होता. काही विचारत नव्हता, कसली घाई करत नव्हता.

"मलाही तुम्ही आवडलात," ती म्हणाली. "आणि हे मला कोणी विचारलेलं नाही. माझं मीच सांगतेय."

दोघं चालत निघाली, अगदी हळूहळू, बोलत. आपलं घर उलट्या दिशेला आहे, हे त्याने तिसऱ्या चौकात कबूल केलं.