मेघपुरीची पोस्टरं कोण पळवतं?

"गेलं! हेही गेलं!" मन्मथ सायकलवरून उडी मारतच ओरडला.

पंचशीला आणि शेषू मागून धावत आले. स्टेशन रोडवरच्या लांबलचक भिंतीवर काल संध्याकाळीच तिघांनी टॉकीजची पोस्टरं लावणाऱ्या मलप्पामामांना मदत करून पोस्टर चिकटवलं होतं. आता तिथे वरच्या बाजूला पंखांचे दोन शेंडे तेवढे उरले होते. त्यांच्याखाली भिंत घासूनपुसून स्वच्छ!

"हे त्या दुसऱ्या टॉकीजवाल्यांचं काम!" मन्मथने मुठी आवळल्या. "आपल्या पिक्चरवर जळायलेत ते!"

"तर काय! आपला पिक्चर लागला की त्यांच्याकडं कुत्रंसुद्धा जाणार न्हाई!" शेषू म्हणाला. शेषू पंचशीलाच्या शेजारचा. वयाने सगळ्यांत लहान आणि आवाजाने सगळ्यांत मोठा.

'आपला पिक्चर' म्हणजे 'मेघपुरी'! शुक्रवारपासून उदगीरच्या चांदणी टॉकीजमध्ये लागणार होता. त्यात म्हणे एकही नट नव्हता, एकही नटी नव्हती. सगळी रंगवलेली चित्रं, आणि ती चालत होती, बोलत होती, उडत होती! असला पिक्चर तिघांनी जन्मात पाहिला नव्हता. सुट्टी लागल्यापासून टॉकीजच्या काचेच्या पेटीतले फोटो पाहायला ते रोज जायचे. ढगांवर बांधलेलं शहर, पंखांचं एक जनावर आणि त्याच्या पाठीवर एक मुलगी. तेवढ्यावरून प्रत्येकाने आपापली गोष्ट रचून टाकली होती. ते जनावर घोडा की बैल, यावरून मन्मथ आणि शेषूची तर रोज जुंपायची, कारण नेमकं त्याचं डोकं ढगाआड होतं.

पंचशीलाला जनावराचं फारसं काही नव्हतं. तिला ते शहर पाहायचं होतं. गेल्या पावसाळ्यात ढग आले होते, उदगीरवरून तसेच पुढे निघून गेले होते. ते सगळे तिथेच कुठेतरी कोंडून ठेवले असतील आणि ती मुलगी त्यांना सोडवायला निघाली असेल, असं तिला मनापासून वाटायचं. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. मन्मथ हसला असता.

पण आता पिक्चरच धोक्यात आला होता. टॉकीजचे मॅनेजर व्यंकटराव कालच कडाडले होते, "पोस्टर न्हाई तर लोकांना कळणार कसं? गर्दी जमायचं चिन्ह न्हाई दिसलं, तर पिक्चरची पेटी सरळ नांदेडला धाडून देईन! तिकडचे लोक वाटच बघायलेत."

पंचशीला भिंतीजवळ वाकली. "मन्या, पोस्टर फाडलं तर खाली चिटोरी पडतात. इथं एक तरी आहे का?"

नव्हतं.

"आणि बसस्टँडवर मामांनी शिडी लावून उंच चिकटवलं होतं, ते जसंच्या तसं आहे. खालची तेवढीच कशी जातात?"

"चोर बुटका असंल!" शेषूने निकाल देऊन टाकला.

त्या संध्याकाळी त्याच भिंतीवर पुन्हा पोस्टर लागलं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमाराला तिघं समोरच्या मोडक्या बैलगाडीआड दबा धरून बसले. मन्मथने वडिलांच्या अडत दुकानातून दोरी आणली होती, चोराला बांधायला.

आधी घंटांचा आवाज आला. मग धूळ. शाळेच्या मैदानावर दुष्काळातल्या गुरांची छावणी होती. तिथली गुरं सकाळ-संध्याकाळ पाण्याच्या हौदावर नेत, ती याच वाटेने. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी जनावरं मान खाली घालून चालली होती. त्यांतली एक पांढरी, काळ्या ठिपक्यांची देवणी गाय वाट सोडून थेट भिंतीकडे वळली. तिने जिभेने पोस्टरचा खालचा कोपरा ओला केला, दातांत धरला आणि झर्रकन ओढला! ढगांचं शहर गेलं, मुलगी गेली, पंखसुद्धा गेले.

"सापडला चोर! चार पायांचा!" मन्मथ खो-खो हसत बाहेर आला. "बांध आता, शेष्या!"

"मारू नका रं लेकरांनो तिला!" मागून एक म्हातारी धडपडत आली आणि गाईच्या गळ्याला मिठी मारून उभी राहिली. "खळीच्या वासानं खायलीय. पिठाची असती ना खळ! भुकेजून गेलीय माझी हरणी. गाभण हाय वो."

मन्मथचं हसू जागच्या जागी विरलं. पंचशीला पुढे झाली. "छावणीत चारा नाही मिळत, मावशी?"

"मिळतंय की! एका गुराला दोन कवळे, हातात मावतील एवढे." म्हाताऱ्या नागुबाई कडवट हसल्या. त्या देवणीकडच्या एका खेड्यातून पायी आल्या होत्या. घरात दुसरं जित्राब उरलं नव्हतं, दुसरं माणूसही. "कडबा आलाय म्हणं रेल्वेनं. स्टेशनाच्या गुदामात पडून हाय. पन कारकून म्हणतोय, हुकूम न्हाई आला. जिल्हा नवा झालाय, कागद जुन्या जिल्ह्यात गेलाय. मी काय म्हणू? गाईला कळतोय का जिल्हा?"

लातूर जिल्हा नुकताच झाला होता. शाळेत गुरुजी अजूनही सवयीने फळ्यावर 'जिल्हा उस्मानाबाद' लिहायचे आणि सगळा वर्ग ओरडून त्यांची चूक काढायचा. त्यात फार मजा यायची. आज पंचशीलाला त्यात काही मजा वाटेना.

चोर सापडल्याची बातमी द्यायला तिघं टॉकीजवर गेले. व्यंकटराव बाहेरच चहा पीत बसले होते.

"गाय असो की घूस, आता परत फिरकणार न्हाई!" ते खुशीत म्हणाले. "सकाळीच बंदोबस्त केलाय. खळीत मोरचूद टाकायला लावलं. मलप्पा गेलाय बी नवी पोस्टरं लावायला."

पंचशीलाने कोपऱ्यातलं खळीचं पातेलं पाहिलं. कडेला निळे खडे चिकटले होते आणि शेजारी मोरचुदाची अख्खी पुडी रिकामी पडली होती. तिचे बाबा, रामकिशन, जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. खुरी झालेल्या बैलाचे पाय ते मोरचुदाच्या पाण्यात बुडवायचे आणि मालकाला दहादा बजावायचे, जिभेला लागू देऊ नका, मरेल जनावर. आज बाबा इथे असते तर! पण ते रेणापूरच्या छावणीत लस टोचायला गेले होते.

"काका, हे विष आहे! गाय मरेल!"

"अगं, चिमूटभर मोरचुदानं काय होतंय? तोंड कडू होईल फक्त."

"चिमूटभर कुठं? पुडी रिकामी आहे! संध्याकाळी गुरं पाण्याला निघायच्या आत पोस्टरं काढायला पाहिजेत!"

"खबरदार!" व्यंकटरावांनी कप आपटला. "माझ्या एका बी पोस्टरला हात लावला, तर पेटी आजच नांदेडला! सांगून ठेवतोय!"

तिघं रस्त्यावर येऊन उभे राहिले. कुणीच कुणाकडे पाहीना.

"आपण नागुमावशीला सांगू, गाय बांधून ठेवा म्हणून," मन्मथ हळूच म्हणाला.

"आणि बाकीची गुरं? सगळीच भुकेली आहेत, मन्या."

पंचशीलाच्या डोळ्यांसमोर ते ढगांचं शहर आलं. सगळी सुट्टी तिने त्याच्या वाटेकडे डोळे लावून काढली होती. ते आता नांदेडला जाणार, तिथली मुलं ते पाहणार आणि आपण नाही, या विचाराने तिला रडूच फुटलं. तिने ते लपवलंही नाही. ओढणीने डोळे पुसले आणि म्हणाली, "काढायची. सगळी काढायची. चला!"

मग जी पळापळ झाली! मन्मथने दुकानातून रिकामी पोती आणली, शेषूने घरून खुरपं पळवलं. भिंती धुवायला पाणी कुठून आणणार? प्यायचं पाणीच टँकरने येत होतं. म्हणून आधी पोस्टर ओढायचं, मग उरलेली खळ खुरप्याने खरवडायची, वर कोरडी माती चोळायची आणि सगळं पोत्यात भरायचं. चौकात लोक ओरडले, "ए पोरांनो, काय करायलात रे?" एका दुकानदाराने तर शेषूचा कान धरला. वाटेत मलप्पामामा भेटले. त्यांना सगळं कळल्यावर ते मटकन खालीच बसले.

"माझ्याच हातानं लावलं की गं माय! मॅनेजर म्हणला, टाक. मी टाकलं. इचारलं बी न्हाई." मग शिडी खांद्यावर टाकून तेच पुढे निघाले. कुठल्या बोळात काय लावलंय ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार!

उरलं फक्त स्टेशन रोडचं पोस्टर. ते तिथे पोहोचतात तोच घंटा वाजू लागल्या. गुरं येत होती! पंचशीलाने जीव खाऊन पोस्टर ओढलं. अर्धं निघालं, अर्धं अडकलं. मन्मथने खुरपं चालवलं. तेवढ्यात लुना फटफटवत व्यंकटराव हजर!

"धरा त्या कार्टीला! सगळ्या गावातली पोस्टरं फाडली हिनं!"

पण त्यांच्याआधी हरणी पोहोचली. खळीचा वास तिला बरोबर लागला होता. शेषू हातपाय पसरून भिंतीला पालीसारखा चिकटला, तिथली निळी खळ झाकायला. पंचशीलाने चोळामोळा केलेला कागद पाठीमागे लपवला. हरणी मान लांबवून तिच्या हातांकडे जाऊ लागली. ती इकडे वळली की गाय इकडे, ती तिकडे वळली की गाय तिकडे.

"हरणे, नको गं! नको ना!" पंचशीला रडत होती आणि मागे मागे सरकत होती. "मन्या, दोरी!"

चोराला बांधायला आणलेली दोरी मन्मथने हरणीच्या गळ्यात टाकली. नागुबाईही धावत आल्या. दोघांनी मिळून गाय मागे ओढली. तरी ती वळून वळून त्या कागदाकडेच पाहत होती.

व्यंकटराव लुना बंद करायचंही विसरले. ते त्या गाईच्या पोटाकडे पाहत होते, मग पंचशीलाच्या निळ्या झालेल्या बोटांकडे.

"मला वाटलं, तोंड कडू होईल... एवढंच," ते पुटपुटले. मग एकदम म्हणाले, "हात धू आधी, पोरी. माझ्या टॉकीजच्या माठातलं पाणी घे. साबण लाव!"

एवढ्याने गोष्ट संपली असती. पण पंचशीलाच्या डोक्यातून ते दोन कवळे जाईनात. गाय आज वाचली, उद्या काय खाणार? दुसऱ्या दिवशी तहसीलदार छावणी पाहायला येणार होते. त्या सकाळी छावणीचे कारकून अण्णाराव चुन्याच्या रेघा मारून घेत होते आणि कमान उभी करत होते.

"काका, कमानीला रंगीत पोस्टर लावू का? शोभा येईल," पंचशीलाने साळसूदपणे विचारलं.

"लावा की, लावा!" अण्णाराव खूश. "हुशार हायत पोरं!"

हे पोस्टर मलप्पामामांकडे उरलेलं शेवटचं होतं. खळ पंचशीलाच्या आईने नव्या पातेल्यात, निव्वळ ज्वारीच्या पिठाची शिजवून दिली होती. पोस्टर लावलं, पण अगदी खाली, गुडघ्याच्या उंचीला.

तहसीलदारांची जीप आली. अण्णाराव हात जोडून सांगू लागले, "साहेब, इथं गुरं पोटभर खातात. कशाची कमतरता न्हाई."

तेवढ्यात नागुबाईंनी हरणीचं दावं सैल सोडलं. हरणी निघाली, तिच्यामागे आणखी दोन गाई, एक वासरू. साहेबांच्या डोळ्यांदेखत पोस्टरचा फडशा पडला. वासरू तर कमानीचा बांबू चाटत उभं राहिलं.

"साहेब," पंचशीला पुढे आली. "पोट भरलेली गाय कागद खाते का?"

तहसीलदारांनी चाटून साफ झालेल्या कमानीकडे पाहिलं. मग त्यांनी अण्णारावांना विचारलं, "कडबा कुठे आहे?"

"स्टेशनात, साहेब. हुकूम जुन्या जिल्ह्याला गेला, तिकडून परत..."

"स्टेशन उदगीरला, गुरं उदगीरला आणि तुम्ही कागदाची वाट पाहत बसलात? मला एकदा येऊन सांगायचं तरी! गुदाम उघडा. माझ्या जबाबदारीवर."

दुपारीच कडब्याच्या गाड्या मैदानात आल्या. तहसीलदारांनी तिघांना जवळ बोलावलं. "पोस्टरं फाडणारी मुलं म्हणून तुमची तक्रार आली होती माझ्याकडे," ते म्हणाले. "आज घरी जाऊन मी माझ्या मुलांना तुमची गोष्ट सांगणार आहे." रेणापूरहून परतलेले बाबा गर्दीतच उभे होते. त्यांनी पंचशीलाच्या डोक्यावर हात ठेवला. व्यंकटरावांनी घसा खाकरला. "पेटी कुठं बी जाणार न्हाई. नवी पोस्टरं मागवलीत मी. साधी खळ, बरं का मलप्पा!"

गुरुवारी पहाटे तिघं पुन्हा स्टेशन रोडला गेले. भिंतीवर नवंकोरं पोस्टर होतं, खळ अजून ओली. घंटा वाजल्या, धूळ उडाली, गुरं हौदाकडे निघाली. पंचशीला श्वास रोखून उभी राहिली.

हरणी आली. तोंडात कडब्याची एक काडी होती, ती सावकाश चघळत होती. ढगांचं शहर, पंख, ती मुलगी, सगळं तिच्या तोंडाशी होतं. तिने मान वळवूनही पाहिलं नाही. आपल्या लाडक्या पिक्चरकडे कुणी ढुंकूनही न पाहिल्याचा एवढा आनंद पंचशीलाला कधीच झाला नव्हता!