वजनकाट्यावरचं गाव

पाणी काही भिंतीवरून उडी मारून पळून जात नाही. मग पांढरमाळचं पाणी गेलं तरी कुठे?

बारा वर्षांच्या मैना गोरडला या प्रश्नाने भंडावून सोडलं होतं. शाळेच्या पर्जन्यमापकाच्या (पाऊस मोजायच्या भांड्याच्या) तीस वर्षांच्या नोंदी तिने चाळल्या. पाऊस होता तेवढाच होता. गावातली माणसं तर निम्मी झालेली. तरी बोअर साठ फुटांवरून सहाशे फुटांवर गेली आणि शेवटी तिने नुसती हवा फेकली. आता रोज एक टँकर यायचा. त्यातच सरकारी नोटीस आली : 'पाण्याचा बेसुमार वापर झाल्याने पांढरमाळ गाव दोन महिन्यांत रिकामं करावं.'

"बेसुमार?" मैना कडाडली. "आम्ही भांडी राखेनं घासतो, अंघोळीचं पाणी शेवग्याला घालतो, आणि बेसुमार आम्ही?"

राग तसा तिच्या नाकाच्या शेंड्यावरच असायचा. पण या वेळी तो अगदी रास्त होता, बरं का!

मैनाची आई सुनंदा जवळच्या कोरड्या बंदरात कामाला होती. (कोरडं बंदर म्हणजे समुद्रापासून लांब असलेली अशी जागा, जिथे माल तपासून, पेट्यांत भरून परदेशी रवाना करतात.) तिथल्या वजनकाट्याचा कारभार एका यंत्रमानवाकडे होता आणि आई त्याची देखभाल करायची. सगळे त्याला मापाडी म्हणत. गाडी काट्यावर आली की वजन मोठ्याने सांगायचं आणि पावती काढायची, एवढंच त्याचं काम. पावतीशिवाय एकही गाडी फाटकाबाहेर पडत नसे. खोटं बोलणं बिचाऱ्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

काट्यावरून रोज वीस-वीस टनांच्या गाड्या जायच्या. आत काय, तर लसूणघासाच्या वाळक्या गाठी. लसूणघास म्हणजे दुभत्या गाईंचा लाडका चारा. एका कंपनीने पांढरमाळभोवतीचं सगळं माळरान भाड्याने घेऊन हजार फुटी बोअर मारल्या होत्या आणि तिथला घास परदेशातल्या गोठ्यांत जात होता. 'घास विका, देश पुढे न्या!' अशी भली मोठी पाटीच फाटकावर लावली होती.

"मापाडी," मैनाने एके दिवशी विचारलं, "या गाड्यांतून आमचं पाणी जातं का रे?"

"वीस किलोच्या गाठीत दोन लिटर ओलावा असतो," मापाडी म्हणाला. "कळशीचा तळ जेमतेम झाकेल."

"मग बाकीचं पाणी कुठे गेलं?"

"मला माहीत नाही. पण वजन करता आलं तर सांगता येईल."

दोघं कामाला लागली. मैनाने शेताच्या कडेचा लसूणघासाचा एक ठोंब मातीसकट उपटून मोठ्या कुंडीत लावला, तो बुडख्याशी कापला आणि पाणी घातलं. मग मापाडीने उघड्या मातीवर प्लास्टिक घट्ट बांधायला लावलं. "म्हणजे मातीतलं पाणी थेट उडून जाणार नाही," तो म्हणाला. "आता पाण्याला एकच वाट उरली."

घास फुटून वर आला. रोज सकाळी बंदरातल्या छोट्या काट्यावर कुंडीचं वजन व्हायचं. बघावं तर कुंडी हलकी झालेली! जेवढं वजन घटलं, तेवढंच पाणी मैना पुन्हा घालायची, अर्थात घरच्या वाट्यातलं. उन्हाळ्यात कुंडी दिवसाला जवळजवळ एक लिटर प्यायची. एकदा मापाडीने हिरव्या पानांवर पारदर्शक पिशवी बांधायला सांगितली. तासाभरात पिशवीच्या आतून थेंब लोंबायला लागले.

"अगंबाई! पानांना घाम आलाय?" मैना ओरडली.

"याला बाष्पोत्सर्जन म्हणतात. पानांच्या बारीक छिद्रांतून पाणी वाफ होऊन हवेत जातं. झाड मुळांनी जेवढं पितं, त्यातलं बहुतेक सगळं असं निघून जातं."

महिन्याने घास कापला, वाळवला आणि तोलला. तो भरला तीस ग्रॅम. आणि पाणी लागलं होतं तीस लिटर!

"ग्रॅममागे लिटर. म्हणजे किलोमागे हजार लिटर," मैना बोटांवर मोजत म्हणाली. "वीस किलोची एक गाठ म्हणजे वीस हजार लिटर. अरे, दोन टँकर झाले की!"

"हेच आभासी पाणी. वस्तूत दिसत नाही, पण ती पिकवताना किंवा बनवताना खर्च झालेलं पाणी."

"पण वाफेचा पाऊस होऊन पाणी परत येईल ना?"

"येईल. पण ते पांढरमाळवरच पडेल असं नाही. आणि बोअरचं पाणी शेकडो वर्षं थेंबाथेंबाने मुरलेलं असतं. ते इतक्या लवकर भरत नाही." मापाडी पुढे म्हणाला. "घास घेणाऱ्या देशाने स्वतःच्या जमिनीत लसूणघास लावायला बंदी घातली आहे. पाणी वाचावं म्हणून."

मैनाचे कान तापले. म्हणजे पाणी गावाचं गेलं, आणि घरं सोडायची तीही गावानेच! ही कुठली रीत झाली हो?

पुढच्याच आठवड्यात व्यापार आयुक्त देवस्थळी मॅडम दहा वर्षांच्या नव्या करारावर सही करून पहिली गाडी रवाना करायला आल्या. मांडव घातला होता आणि टाळ्या वाजवायला अख्खं पांढरमाळ आणून बसवलं होतं. हार घातलेली गाडी काट्याकडे निघाली, तेवढ्यात कुंडी पोटाशी धरून मैना काट्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"चाळीस किलो," मापाडी म्हणाला. "काट्यावर माणूस आहे. गाडीचं वजन होणार नाही."

"ए मुली, बाजूला हो!" मॅडम ओरडल्या.

"नाही होणार! आधी या गाडीत किती पाणी आहे ते याला विचारा."

मॅडमनी कपाळाला आठ्या घातल्या. पण मापाडीला प्रश्न ऐकू आला होता आणि उत्तर देणं त्याचं कामच होतं. "रोजच्या गाडीसारखा घास वीस टन. त्यासाठी खर्च झालेलं पाणी दोन कोटी लिटर, म्हणजे दोन हजार टँकर. पांढरमाळला ते साडेपाच वर्षं पुरलं असतं."

मांडवात कुजबुज सुरू झाली. मॅडमनी सुनंदाकडे पाहिलं. "मुलगी तुमची ना? उतरवा तिला. नाहीतर उद्यापासून कामावर येऊ नका."

सुनंदाचा चेहरा उतरला. ती काट्याकडे आली. मैनाला वाटलं, आता आई हाताला धरून खाली ओढणार. पण सुनंदाने काट्यावर पाऊल ठेवलं आणि लेकीच्या खांद्यावर हात टाकला.

"शंभर किलो," मापाडी म्हणाला.

मग मांडवातून एकेक जण उठला. म्हातारे आले, काखेत पोरं घेऊन बाया आल्या. मापाडी आकडे सांगत राहिला आणि टाळ्या वाजवायला मांडवात कुणी उरलंच नाही.

मॅडम काट्याजवळ आल्या. मग जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "अगं, पण देशाने काही विकायचंच नाही का?"

"विका की!" मैना म्हणाली. "आमची मटकी विका, बाजरी विका. आमच्या उन्हाची वीज विका, ऊन तर इथे उतू जातंय! कमी पाण्यात होतं ते विकायचं. आणि ढीगभर पाणी लागतं ते जिथे नद्या भरून वाहतात तिथून आणायचं. म्हणजे त्यांचं पाणी आपल्याकडे येईल. कोरड्या देशाने पाणी विकून पैसे आणायचे आणि त्या पैशांनी टँकर आणायचे, याला व्यापार म्हणतात होय?"

मॅडमनी गाडीवरचा हार पाहिला, मग कुंडीवर बांधलेलं ते प्लास्टिक. "ही कुंडी मला राजधानीत दाखवायला लागेल," त्या म्हणाल्या. "तोवर करारावर सही नाही, आणि बाईंचं काम आहे तसंच राहील. यापुढे परदेशी जाणाऱ्या प्रत्येक मालाच्या पावतीवर वजनाखाली पाणीही लिहायचं. आणि गाव रिकामं करायची नोटीस मी मागे घ्यायला लावते."

एवढ्याने बोअरला काही लगेच पाणी लागणार नव्हतं. टँकर उद्याही येणारच होता. पण हार घातलेली गाडी मागे वळली, तेव्हा मैना कुंडीसकट नाचली.

"थांबा," मापाडी म्हणाला. "काट्यावर आलेल्या मालाची पावती काढावी लागते."

खर्र आवाज करत कागद बाहेर आला. मैनाने तो सगळ्या गावाला मोठ्याने वाचून दाखवला :

माल : पांढरमाळ गाव.
वजन : पाच टन साठ किलो.
रवानगी : कुठेही नाही.