औषधाचा प्रिंटर कुणाचं ऐकतो

"अनुमती नाही," प्रिंटर म्हणाला.

शालनबाई मगदुमांना तोंडावर नाही म्हणायची हिंमत इचलकरंजीत फार थोड्यांनी केली होती, आणि ज्यांनी केली ते अजून त्यांना पाहून रस्ता बदलत. स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसलेल्या पांढऱ्या डब्यानं ती करावी हे त्यांना पटलं नाही. त्यांनी पडद्यावरच्या आपल्या नावावर पुन्हा बोट ठेवलं.

"अनुमती नाही."

"तुझ्या बापाचं घर आहे काय रे?" शालनबाई म्हणाल्या.

डब्याचं सरकारी नाव औषधमुद्रक. घरोघरी लोक त्याला प्रिंटरच म्हणत. तात्यांच्या, म्हणजे शालनबाईंच्या यजमानांच्या मनगटावर एक पट्टी होती. ती रक्त वाचायची, वाचलेलं घरातली यंत्रं एकमेकांना जोडणाऱ्या गृहजालावर टाकायची, आणि प्रिंटर त्या दिवसापुरती एक गोळी थरावर थर चढवून छापून द्यायचा. हृदयाचे ठोके ताळ्यावर ठेवणारी ती गोळी रोज निराळी असे, त्यामुळे दुकानात मिळायचा प्रश्नच नव्हता. कालची आज चालत नसे. एक दिवस जरी चुकला तरी सरळ दवाखान्यात आणा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि आजची गोळी दिवेलागणीच्या आत पोटात जायला हवी होती.

सून ऋतुजा तंत्रनिकेतनात गृहजालांचा विषय शिकवायची. नवरा नोकरीनिमित्त विशाखापट्टणमला, त्यामुळे घरातलं कुठलंही यंत्र रुसलं की समजूत काढायचं काम तिच्याकडे. सकाळपासून तिनं सगळं करून पाहिलं होतं. प्रिंटर बंद करून चालू केला. यादीतून काढला, पुन्हा घातला. त्याचा ड्रायव्हर नवा चढवला. राउटर उचलून ओट्यावर आणला. आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरला प्रिंटर दिसत होता, प्रिंटरला कॉम्प्युटर दिसत होता. छापायची वेळ आली की मात्र प्रिंटर पाठ फिरवायचा. शालनबाईंना त्यांच्या नावानं नाही, ऋतुजाला तिच्या नावानंही नाही.

"तूच काहीतरी खुडबुड केली असशील," शालनबाई म्हणाल्या. "काल बसली होतीस की त्याच्यापुढं."

"मी पुसत होते त्याला. तुम्हीच म्हणालात, तेलकट झालाय म्हणून."

"पुसायला सांगितलं होतं. फितवायला न्हाई."

दुपारनंतर कंपनीची अभियंता आली. फरहाना मुजावर. चप्पल दारात काढून ती सरळ प्रिंटरपुढे उभी राहिली आणि पाण्याचा पेलाही न घेता कामाला लागली, म्हणून शालनबाईंना ती बरी वाटली.

"गृहजाल ठीक आहे," ती थोड्या वेळानं म्हणाली. "वायर, राउटर, सगळं ठीक. बिघाड ओळखीत आहे."

"वळणओळख?" ऋतुजानं विचारलं.

"हो."

"मराठीत बोला," शालनबाई म्हणाल्या.

"मराठीच आहे, काकू." फरहाना हसली. "पूर्वी पासवर्ड असायचे. ते चोरून लोक दुसऱ्याच्या प्रिंटरवर नशेच्या गोळ्या छापायला लागले. म्हणून पासवर्ड गेले आणि वळणओळख आली. तुम्ही बटण किती जोरात दाबता, दाबण्याआधी थांबता का, यंत्राचं बोलणं पुरं होऊ देता की मधेच तोडता, कुणाकडे बघत बोलता, अशा शेकडो लकबींचा मिळून एक ठसा होतो. तुम्ही आधी तुमच्या नावावर बोट ठेवता, मग यंत्र ठसा जुळतो का बघतं. जुळला तर अनुमती."

"पण माणसाच्या लकबी बदलतात," ऋतुजा म्हणाली. "माझ्या फोनमधला ठसा माझ्याबरोबर सरकत जातो."

"फोनमध्ये सरकू देतात. इथं नाही. इथं सरकू दिला तर एखादा परका रोज थोडं थोडं शिकवून स्वतःचा ठसा आत घुसवेल. म्हणून प्रिंटर बसवला त्या दिवशीचा ठसा कायमचा. हा कधी बसवला?"

"नऊ वर्षं झाली. माझं लग्न झालं त्याच महिन्यात."

"मग इतकी वर्षं कसा चालला?"

हे शालनबाईंनी विचारलं, आणि प्रश्न रास्त होता.

"तेव्हा जुळणी सैल होती, काकू. थोडा फरक पडला तरी चालायचा. काल रात्री कंपनीनं ती सगळीकडेच आवळली."

"म्हणजे मी बदलले म्हणतेस?"

"सगळेच बदलतात."

"मी न्हाई. गल्लीत कुणालाबी विचार."

ऋतुजा कपाळाला आठ्या घालून पडद्याकडे बघत होती. "पण मग तो आम्हाला अनोळखी का म्हणत नाही? ठसा कुठंच जुळला नाही तर गजर व्हायला पाहिजे. दवाखान्यात निरोप जायला पाहिजे."

"बरोब्बर," फरहाना म्हणाली. "तेच मला खटकतंय. त्याच्या मते तुम्ही परक्या नाही. घरातलंच कुणीतरी घरातल्याच दुसऱ्या कुणाचं नाव लावतंय, असं त्याला वाटतंय."

"बघ!" शालनबाई सुनेकडे वळल्या. "मी सकाळपास्नं काय ओरडतेय? माझं नाव लावून काय छापत होतीस?"

"तुमचं नाव लावून मी काय करू, आई? नऊ वर्षं तुमच्याच नावानं घर चाललंय. मला तर चहात साखर किती घालायची तेही विचारून घालावं लागलं. नाव ठेवा तुमचं तुमच्यापाशी."

फरहाना पडद्याकडे बघत राहिली. शालनबाईंनी सुनेला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ही पोर घरात आली तेव्हा तिच्या तोंडातून "हो आई" याच्यापलीकडे शब्द फुटत नव्हता. हे असं तोडून बोलणं हिला शिकवलं कुणी?

बाहेरच्या खोलीतून तात्यांचा आवाज आला. "मला गोळी द्या, आणि मग कोण कोण आहे ते ठरवा!"

"तुम्ही गप पडा," दोघी एकदमच म्हणाल्या.

फरहानानं मान वर केली. दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. मग तिनं प्रिंटरच्या मागचं एक झाकण उघडून आत काहीतरी दाबलं.

"आता नाव लावायचं नाही," ती म्हणाली. "नुसती आज्ञा द्यायची. कोण बोलतंय ते त्यालाच सांगू दे. ताई, तुम्ही आधी."

ऋतुजा पुढे झाली. प्रिंटर म्हणाला, "आपणास कोणते काम..." आणि तेवढ्यात तिनं बटणावर बोट आदळलं. "गोळी. तात्यांची. झालं का तुझं पुराण?"

"ओळख," प्रिंटर म्हणाला. "शालन मगदूम."

"बिघडलंय गं ते," शालनबाई म्हणाल्या. पण आवाजात जोर नव्हता.

"आता तुम्ही, काकू."

शालनबाई ओट्याशी आल्या. न्हाणीघरात पडून उजवं मनगट मोडल्यापासून त्या ते डाव्या हातानं धरून उचलत. मोतीबिंदू काढल्यापासून अक्षरं दिसत, पण भरवसा वाटत नसे. प्रिंटरचं बोलणं त्यांनी संपू दिलं. बोट बटणाजवळ नेलं, थांबवलं, आणि मागं वळून पाहिलं.

"हेच ना गं?"

ऋतुजानं मान हलवली. त्यांनी बटण हळूच दाबलं.

"ओळख," प्रिंटर म्हणाला. "ऋतुजा मगदूम."

कुकरची शिट्टी झाली.

"नऊ वर्षांपूर्वी मी अशीच उभी राहायचे इथं," ऋतुजा सावकाश म्हणाली. "प्रत्येक बटणाआधी मागं वळून. तुम्ही ओरडाल म्हणून."

"लकब चोरता येत नाही," फरहाना जणू स्वतःलाच समजावत होती. "पण एका घरात राहिलं की ती अंगात उतरते, याचा हिशेब कुणी केला नव्हता. प्रिंटर बिघडलेला नाही. तो अगदी खरं सांगतोय. त्याच्याकडे ज्या शालनबाई आहेत त्या आता तुम्ही आहात, ताई. तुम्ही त्यांच्या नावावर बोट ठेवा."

ऋतुजानं शालनबाईंच्या नावावर बोट ठेवलं. एवढा वेळ अडून बसलेला डबा घुर्र करून गरम झाला. थरावर थर चढू लागला. गुलाबी गोळी वाटीत पडली तेव्हा उन्हं अजून खिडकीत होती. ऋतुजा ती घेऊन बाहेर गेली. तात्यांनी ती पाण्याबरोबर घेतल्याचं आणि वर "किती कडू" म्हटल्याचं आतपर्यंत ऐकू आलं.

शालनबाईंनी श्वास सोडला आणि लगेच पदर खोचला.

"आता मला दाखव. मी काय करायचं?"

फरहाना अवघडली. "तुम्ही ऋतुजाताईंच्या नावावर बोट ठेवलंत तर चालेल. फक्त... त्या नावाला एक अट घातलेली आहे. प्रत्येक वेळी छापण्याआधी घरच्या प्रमुखाची परवानगी. एवढी कडक अट मी कुठल्याच घरात पाहिली नाही. कुणी घातली?"

शालनबाई कुकरकडे गेल्या. तो बंद करायची गरज नव्हती, तरी बंद केला.

"मीच," त्या म्हणाल्या.

"काही बिघडत नाही. दोघींचे ठसे आत्ता नव्यानं घेऊन टाकते. आजच्या तुम्ही, आजच्या त्या. तुमच्या नावावर तुम्हीच याल, प्रमुख तुम्हीच राहाल. चहा होईस्तोवर होईल."

"मग घे की. वाट कुणाची बघतेस? मी सांगतेय न्हवं."

"तुम्ही सांगून उपयोग नाही, काकू." फरहानानं पडदा त्यांच्याकडे वळवला. "ठसा बदलायचा तर प्रमुखानंच सांगावं लागतं. आणि यंत्राच्या लेखी प्रमुख..."

ऋतुजा वाटी विसळायला आत आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. शालनबाई तिच्याकडे वळल्या. त्यांचा डावा हात आपोआप उजव्या मनगटाकडे गेला.

"सांग की गं तिला," त्या म्हणाल्या, आणि थोडं थांबून, "सांगशील ना?"

ऋतुजानं वाटी पालथी घातली. ओट्यावरचं पाणी फडक्यानं निपटलं, फडकं पिळलं, खुंटीला लावलं. प्रिंटर विचारू लागला, "नवे ठसे घेण्यास प्रमुखांची..."

"आज राहू दे," त्याचं वाक्य तोडत ती म्हणाली. पाठ अजून सगळ्यांकडेच होती. "घाई कसली आहे? मी आहे की इथं. काय छापायचं असेल ते मला सांगत जा, आई. पुढचं पुढं बघू."

हिरवा दिवा लागला.

"ओळख पटली," प्रिंटर अदबीनं म्हणाला. "जशी आज्ञा, शालनबाई."